लुंबिनीच्या उत्खननाने बुद्धाचे जन्मवर्ष ठरलेले नाही

लुंबिनीच्या मायादेवी मंदिराखाली इ.स.पू. सहाव्या शतकातील लाकडी बांधकाम सापडले, त्यामुळे बुद्धाचा जन्म त्याच शतकात झाल्याचे सिद्ध झाले, असा संदेश फिरतो आहे. त्यातला शोध खरा आहे. 2013 मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन कनिंगहॅम यांच्या चमूने तो जाहीर केला. निष्कर्ष मात्र घाईचा आहे. जमिनीत सापडले ते लाकडी कुंपणाच्या खांबांचे खळगे आणि मधली मोकळी जागा. तिथे बहुधा झाड असावे. पण वृक्षपूजा बुद्धाच्या आधीपासूनची आहे, त्यामुळे ते कुंपण बौद्धांचेच होते असे खात्रीने म्हणता येत नाही.

कालनिर्णयाचा खरा पेच ग्रंथांत आहे. श्रीलंकेतील पाली इतिहासग्रंथ बुद्धाचे निर्वाण (म्हणजे मृत्यू, ज्यावरून जन्मवर्ष मोजतात) आणि अशोकाचा राज्याभिषेक यांत 218 वर्षांचे अंतर सांगतात; उत्तरेकडील संस्कृत परंपरा साधारण 100 वर्षांचे. अभिषेक इ.स.पू. 268च्या आसपास धरला, तर निर्वाण इ.स.पू. 486 किंवा 368. इतकी मोठी तफावत! आज बरेच अभ्यासक ते इ.स.पू. 400च्या आगेमागे मानतात.

बुद्ध झालेच नाहीत, असा याचा अर्थ कुणी कृपया काढू नये. ‘इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले’ हे अशोकाने लुंबिनीच्या स्तंभावर कोरून ठेवले आहे.