सहा सेंटिमीटरचं अंतर

केंद्राची शालेय पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकातून मुघल दरबारांवरचं प्रकरण काढलं, तेव्हापासून आपल्याकडे एकच हिशेब चालू आहे: कुणाला किती पानं? 1968पासून मुंबईचं भगिनी शहर असलेल्या जर्मनीतल्या श्टुटगार्टमधून पाहताना हा हिशेब फार अपुरा वाटतो. त्या पानाशी मुलाला काय करायला लावलं जातं, यावर खरं शिकणं ठरतं.

श्टुटगार्टजवळच बॉयटेल्सबाख नावाचं गाव आहे. 1976 साली तिथे झालेल्या चर्चेतून राजकीय शिक्षणाची तीन सूत्रं निघाली. शिक्षकाने आपलं मत मुलावर लादू नये. अभ्यासकांत आणि राजकारणात जे वादग्रस्त आहे, ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावं. आणि मुलाला स्वतःचं हित ओळखून परिस्थिती तपासता यावी. सूत्रं असली म्हणून डोळे आपोआप उघडतात असं नाही. नामिबियात जर्मन वसाहतवाल्यांनी केलेल्या कत्तलीला जर्मन सरकारने अधिकृतपणे वंशसंहार म्हणायला 2021 साल उजाडलं.

चौथीच्या मुलावर मात्र ही सूत्रं लादू नयेत. नऊ वर्षांच्या मुलाला आधी गोष्ट हवी, आणि शिवरायांची गोष्ट पोवाड्याच्या आवेशातच सांगावी. तपासणी सहावी-सातवीपासून.

सुरुवात कागदाच्या पट्टीने करावी. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू कापून चिकटवायच्या, एका वर्षाला एक सेंटिमीटर. 1660 ते 2025 म्हणजे 3 मीटर 65 सेंटिमीटर. मुंबईतल्या लहानशा वर्गाच्या भिंतीवरही मावतात. आधी मुलाने स्वतःचं आयुष्य रंगवावं: बारा सेंटिमीटर. मग बाकीच्या खुणा. त्या दहा-बाराच्या वर गेल्या की पट्टीची सनावळी होते आणि मुलं पुन्हा पाठांतराला लागतात.

1668ला मुंबई वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. 1674ला रायगडावर राज्याभिषेक झाला. मध्ये फक्त सहा सेंटिमीटर! शिवराय एका इयत्तेत आणि इंग्रज दुसऱ्या इयत्तेत भेटत असल्याने हे दोघं समकालीन होते, हे मुलांच्या ध्यानातच येत नाही. पुढे पेशवाई संपल्यापासून, 1818 ते 1947 मोजा: 129 सेंटिमीटर. मुंबईसाठी 1668पासून मोजा: 279. ‘दीडशे वर्षांची गुलामगिरी’ हे वाक्य पुण्याला जेमतेम बसतं, मुंबईला मुळीच नाही. हे मुलांना सांगू नये, त्यांच्या हातात फूटपट्टी द्यावी.

नंतर राज्याभिषेकाबद्दलचे दोन उतारे. कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन मुंबईहूनच राज्याभिषेकाला गेला होता. गडावर दोन लहान हत्ती दिसले, तेव्हा ते इतक्या अवघड वाटेने वर चढवले कसे, याचं त्याला नवल वाटलं. सिंहासनाजवळच्या भाल्यांवरचे मासे, घोड्यांच्या शेपट्या आणि तराजूही त्याने टिपले. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला बसून बखर लिहिली ती वीसहून अधिक वर्षांनी. तीत बत्तीस मण सोन्याचं सिंहासन आहे. प्रत्येकी साठ-सत्तर शब्द पुरेत. बखरीच्या मूळ दोन ओळी ठेवून शेजारी सोपं मराठी द्यावं. मूळ काढून टाकलं की काळाची चवच जाते.

इथे हमखास बिघडतं ते एका प्रश्नाने: ‘खरं कोण बोलतंय?’ मुलं लगेच आपला आणि परका अशी वाटणी करतात. त्याआधी विचारावं: हा तिथे होता का? किती वर्षांनी लिहिलं? कुणासाठी? त्याला काय हवं होतं? ऑक्झिंडन प्रत्यक्ष हजर होता, पण व्यापाराच्या सवलती आणि राजापूरच्या वखारीची भरपाई मागायला आला होता. सभासदाने बखर लिहिली ती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून.

आठवी-नववीसाठी 1946चा नौसैनिकांचा उठाव घ्यावा. 18 फेब्रुवारीला मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळावर तो सुरू झाला. वल्लभभाई पटेलांनी नौसैनिकांना शरण जाण्याचा सल्ला दिला, तर अरुणा असफ अली त्यांच्या पाठीशी राहिल्या. दोघंही स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेले, त्यामुळे आपला-परका इथे चालतच नाही. दोन्ही बाजू मुलांनीच मांडाव्यात, आणि अर्ध्या तासाने अदलाबदल करावी. शेवटच्या पाच मिनिटांत फळ्यावर निष्कर्ष लिहिण्याचा मोह शिक्षकाने आवरावा. उतारे पट्टीवर 1946च्या खुणेखाली टाचून ठेवावेत, आणि कुलाब्यातल्या उठावाच्या स्मारकापाशी सहल जाईल तेव्हा तेच सोबत न्यावेत.