पंच कोणी नेमायचा? कच्छच्या रणावरून कट्ट्यावर झालेला वाद

थायलंड आणि कंबोडिया यांच्या सीमेवर २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा तोफा सुरू झाल्याची बातमी आली, तेव्हा सुभेदारांना आपले जुने म्हणणे मांडायला निमित्त मिळाले. जुलैतली पाच दिवसांची लढाई थांबावी म्हणून अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आयात शुल्काचा बडगा दाखवला होता, ऑक्टोबरात क्वालालंपूरला त्यांच्या साक्षीने सह्याही झाल्या होत्या, आणि वर्ष सरायच्या आत सीमेवरची गावे पुन्हा रिकामी करावी लागली. ‘बाहेरच्याने लावून दिलेला समेट एवढाच टिकतो,’ सुभेदार म्हणाले. ‘दोन देशांच्या जमिनीच्या वादात तिसऱ्याला आत घेऊच नये. १९७२ च्या सिमला करारापासून आपण हेच सांगत आलो आणि तेच बरोबर आहे.’

सुभेदार सीमा सुरक्षा दलातून निवृत्त झाले आहेत आणि त्यांच्या नोकरीतला बराच काळ कच्छच्या सीमेवर गेला आहे. त्यामुळे वकीलसाहेबांनी जेव्हा शांतपणे ‘मग कच्छच्या रणाचा निवाडा कोणी केला?’ असे विचारले, तेव्हा चर्चेला खरा रंग चढला. कट्ट्यावरच्या तरुण मंडळींपैकी बहुतेकांना हे प्रकरण ठाऊकच नव्हते, म्हणून आधी ते थोडक्यात सांगतो.

फाळणीनंतर सिंध पाकिस्तानात गेला आणि कच्छ भारतात आला. मध्ये पसरलेल्या रणाच्या उत्तर काठाने सीमा जाते, म्हणजे सगळे रण आपले, असे भारताचे म्हणणे होते. तर रण हा मुळात समुद्राचाच भाग असल्याने सीमा त्याच्या मधोमध, साधारण चोविसाव्या अक्षांशाजवळून जायला हवी, असा पाकिस्तानचा दावा होता. वाद सुमारे साडेतीन हजार चौरस मैलांचा होता. सुभेदारांनी त्या जमिनीचे वर्णन केले ते ऐकण्यासारखे होते. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा समुद्राचे पाणी आत लोटतो, वरून पाऊस पडतो आणि क्षितिजापर्यंत गुडघाभर पाणी उभे राहते. हिवाळ्यात तेच वाळून मिठाचा पांढरा पापुद्रा धरते, पण त्यावर पाय ठेवला की खाली काळा चिखल लागतो. मधूनमधून जमिनीचे उंचवटे आहेत, त्यांना बेट म्हणतात. पाणी ओसरल्यावर तिथे गवत वाढते, आणि त्या गवतासाठी सिंधकडचे गुराखी पिढ्यान्‌पिढ्या जनावरे घेऊन येत. हे गवत पुढे निवाड्यात महत्त्वाचे ठरले.

नाना भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, त्यामुळे त्यांचे लक्ष कागदांवर गेले. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, हे आपण विसरतो, असे ते म्हणाले. कच्छचे महाराव आणि सिंधचे अधिकारी यांच्यात हद्दीचा तंटा झाला, तेव्हा मुंबई सरकारने १९१४ मध्ये ठराव करून तो मिटवला आणि सोबत नकाशाही जोडला. पण तो ठराव मुख्यतः पश्चिमेच्या टोकापुरता होता. तिथे १९२० च्या दशकात खांबही रोवले गेले. पूर्वेकडची शेकडो मैलांची हद्द मात्र खुणा न करताच राहिली. ‘एकाच सरकारच्या दोन मुलुखांमधली हद्द कोणी जिवावर उदार होऊन मोजत नाही,’ नाना म्हणाले, ‘आणि मग उद्या तीच आंतरराष्ट्रीय सीमा होऊन बसते.’

९ एप्रिल १९६५ रोजी पाकिस्तानी सैन्याने सरदार चौकीवर हल्ला केला. तिथे सैन्य नव्हते, केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या दोन तुकड्या होत्या, आणि त्यांनी तो हल्ला परतवला. त्या दिवसाची आठवण दल आजही शौर्य दिन म्हणून जागवते. महिनाअखेरीस मात्र बियार बेटाच्या बाजूला पॅटन रणगाडे आले. हे रणगाडे अमेरिकेने दिलेले होते, आणि ते भारताविरुद्ध वापरले जाणार नाहीत असे आश्वासन आयसेनहॉवर यांनी १९५४ मध्ये नेहरूंना दिले होते. इथे मला मध्ये बोलावेसे वाटले. परकी हस्तक्षेप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मध्यस्थ येतो. पण कच्छमध्ये हस्तक्षेप मध्यस्थाच्या कितीतरी आधी, शस्त्रांच्या रूपाने येऊन बसला होता, आणि त्याच्यावर कोणाची सही वा संमती कोणी मागितली नव्हती.

मध्यस्थी केली ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी. ३० जून १९६५ रोजी करार झाला. दोन्ही बाजूंनी १ जानेवारी १९६५ ला होते तिथे परत जायचे, मंत्रिपातळीवर तोडगा निघाला नाही तर तीन सदस्यांच्या न्यायाधिकरणाकडे वाद सोपवायचा, आणि त्याचा निवाडा दोघांनाही बंधनकारक राहील, असे त्यात ठरले.

सुभेदारांची पहिली हरकत इथेच होती. परत जायचे तर पूर्ण परत जायला हवे होते, पण डिंग ते सुराई या वाटेवर पाकिस्तानी पोलिसांना पूर्वीप्रमाणे गस्त घालण्याची मुभा त्याच कराराने दिली, आणि ती वाट आपण आपली मानत असलेल्या भागातून जात होती. त्यांची दुसरी हरकत अधिक गंभीर होती. करार जूनच्या अखेरीस झाला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काश्मीरमध्ये घुसखोर उतरवले गेले. ‘कुरापत काढली की बाहेरचा कोणीतरी धावून येतो आणि वाटाघाटी सुरू होतात, हा धडा पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष अयूबखान यांनी कच्छमध्येच घेतला,’ असे ते म्हणाले. ही टीका मला सहजासहजी खोडून काढता येईल असे वाटत नाही. वकीलसाहेबांनीही ती खोडली नाही. त्यांनी एवढेच विचारले की सप्टेंबरात लाहोर आणि खेमकरणपर्यंत युद्ध पेटले, तरी रणाच्या कराराचे काय झाले?

तो करार टिकला, आणि या सगळ्या प्रकरणातली ही गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. दोन्ही देशांचे सैनिक एकमेकांविरुद्ध लढून मरत होते त्याच वर्षी दोन्ही सरकारांनी आपापला सदस्य नेमला. भारताने युगोस्लाव्हियाचे आलेश बेब्लर यांना नेमले, पाकिस्तानने इराणचे नसरुल्ला इंतेझाम यांना, आणि अध्यक्षाबद्दल एकमत होईना म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी स्वीडनचे न्यायमूर्ती गुन्नार लागरग्रेन यांना नेमले. जिनिव्हात सुनावण्या झाल्या, शेकडो नकाशे पुढे आले, आणि मुंबईचे नानी पालखीवाला भारताची बाजू मांडणाऱ्या वकिलांमध्ये होते.

निवाडा १९ फेब्रुवारी १९६८ रोजी आला. वादग्रस्त प्रदेशाचा सुमारे नव्वद टक्के भाग भारताला मिळाला आणि सुमारे दहा टक्के पाकिस्तानला. पण त्या दहा टक्क्यांत कंजरकोट, छाड बेट आणि धारा बन्नी होते. म्हणजे मिठाचा पसारा आपल्याकडे आला आणि उंचावरची, गवताची जमीन तिकडे गेली. या गवताळ भागावर सिंधच्या गुराख्यांचा वावर आणि सिंधच्या अधिकाऱ्यांचा अंमल दीर्घकाळ होता, असे बहुमताचे म्हणणे पडले. बेब्लर यांनी मात्र भारताचा दावा पूर्ण मान्य करणारे स्वतंत्र मत लिहिले.

नानांना राग आहे तो वेगळ्याच कलमाचा. सिंधमधल्या नगरपारकरच्या दोन्ही बाजूंना रणाचे दोन चिंचोळे फाटे सिंधच्या भूमीत खोल शिरतात. ते फाटे भारताकडे ठेवले तर शेजारी कायम खटके उडत राहतील, म्हणून शांतता आणि स्थैर्य यांचा विचार करून ते पाकिस्तानला दिले. ‘मोजणीदाराने बांध कुठे आहे ते सांगायचे, शेजाऱ्यांचे पटेल का, हे बघून बांध सरकवायचा नाही,’ असे नाना तावातावाने म्हणाले. वकीलसाहेबांचे उत्तर होते की सीमा ही माणसांनी राहण्यासाठी असते, आणि ज्या फाट्यात जायला स्वतःच्या देशातून धड वाट नाही त्याच्यासाठी चौकी बसवण्यात शहाणपण नाही. या मुद्द्यावर मी नानांच्या बाजूचा आहे. पंचांना हद्द शोधायला सांगितले होते, वाटणी करायला नव्हे.

हाच राग १९६८ मध्ये देशभर उसळला होता. जनसंघ आणि समाजवादी यांनी कच्छमध्ये सत्याग्रह केला. आपल्या मधू लिमये यांनी न्यायालयाचा मार्गही धरला. भारताची भूमी द्यायची तर बेरुबारी (बंगालमधला भाग पाकिस्तानला देण्याचे प्रकरण) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मताप्रमाणे घटनादुरुस्ती हवी, असा मुद्दा त्यांच्यासह अनेक याचिकाकर्त्यांनी मांडला. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या जानेवारीत तो फेटाळला. हद्द मुळात निश्चितच नव्हती, त्यामुळे ती ठरवणे म्हणजे भूमी देणे नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. इंदिरा गांधींच्या सरकारने निवाडा पाळला, दोन्ही देशांच्या मोजणीदारांनी मिळून खांब रोवले, आणि त्या रेषेबद्दल दोन सरकारांमध्ये पुन्हा वाद उरला नाही. १९७१ चे युद्ध झाले, तरी त्यानंतर त्या टप्प्यात पुन्हा हीच रेषा राहिली.

सुभेदार यावर गप्प बसले नाहीत. ‘आणि पासष्टच्या युद्धानंतरचा ताश्कंद करार?’ ते म्हणाले. ‘तिथे यशवंतराव चव्हाण शास्त्रीजींसोबत होते. सैन्याने रक्त सांडून घेतलेली हाजीपीर खिंड परत द्यावी लागली.’ त्यांचा आवाज चढला होता आणि तो चढणे मला योग्यच वाटले. तरीही ताश्कंद आणि जिनिव्हा एकाच मापाने मोजू नयेत. जानेवारी १९६६ मध्ये सोव्हिएत संघ यजमान होता, बलाढ्य होता, त्याचे स्वतःचे हितसंबंध होते, आणि ताश्कंदला कोणाचा हक्क कोणत्या कागदाने सिद्ध होतो हे कोणी तपासले नाही. जिनिव्हात तिघांपैकी कोणाकडेही सैन्य नव्हते, आयात शुल्क नव्हते की शस्त्रांचे कारखाने नव्हते. त्यांच्या हाती होता तो फक्त दोन्ही देशांनी आधीच दिलेला शब्द. मे २०२५ मध्ये अमेरिकेने शस्त्रसंधीचे श्रेय घेतले तेव्हा भारताने ते नाकारले, हे मला पटते. पण बलाढ्य नेत्याची घोषणा नाकारणे आणि आपण स्वतः नेमलेला पंच नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सिमल्याचे नाव घेऊन आपण दोन्ही एकाच पोत्यात भरतो.

वकीलसाहेबांनी मग थायलंडचा धागा परत उचलला. प्रिआ विहिअर हे शिवमंदिर कंबोडियाच्या हद्दीत आहे, असा निकाल हेगच्या न्यायालयाने १९६२ मध्ये दिला, पण आजूबाजूच्या डोंगराळ पट्ट्याची संपूर्ण रेषा आखून दिली नाही. २००८ मध्ये मंदिर जागतिक वारसा यादीत आले आणि त्या पट्ट्यावरून गोळीबार सुरू झाला. २०१३ मध्ये न्यायालयाला जुन्या निकालाचा अर्थ पुन्हा सांगावा लागला. त्यांचे म्हणणे असे की पंचांपुढे अर्धाच प्रश्न ठेवला तर उरलेला अर्धा पुढच्या पिढीच्या अंगावर येतो.

कच्छमध्येही नेमके हेच झाले आहे. पश्चिम टोकाची सर खाडी वादग्रस्त नाही असे दोन्ही देशांनी तेव्हा मानले, म्हणून ती न्यायाधिकरणापुढे गेलीच नाही. आज पाकिस्तान १९१४ च्या नकाशावरची हिरवी रेषा दाखवून सीमा खाडीच्या पूर्व काठाने जाते असे म्हणतो, आणि भारत ती प्रवाहाच्या मध्यातून जाते असे म्हणतो. खाडी जेमतेम शंभर किलोमीटरची, पण तिच्या मुखापासून समुद्रातली हद्द आखली जाणार असल्याने मासेमारी आणि समुद्रतळाचे मोठे क्षेत्र त्यावर अवलंबून आहे. गुजरात आणि सिंधचे कोळी त्या पाण्यात पकडले जाऊन परक्या तुरुंगात वर्षे काढतात. २००७ मध्ये दोन्ही देशांनी मिळून खाडीची मोजणी केली, तरी रेषा ठरली नाही.

‘मग सर खाडी पंचांकडे द्यावी, असे म्हणता?’ सुभेदारांनी मला सरळ विचारले. मी हो म्हणालो. दोन्ही देशांनी आधी प्रश्न लिहून द्यावा, पंचांना फक्त हद्द शोधण्याचा अधिकार द्यावा आणि शांततेच्या नावाने वाटणी करण्याचा देऊ नये, एवढी अट मात्र घालावी. नानांनी लगेच मान डोलावली. सुभेदारांनी डोलावली नाही. छाड बेट समोर दिसते आणि तिथे जाता येत नाही, अशा चौकीवर तुम्ही उभे राहिलेले नाहीत, असे ते म्हणाले, आणि दुसरी अट त्यांनी स्वतःच घातली: पंच बसण्याआधी तिकडच्या तुरुंगातले आपले कोळी घरी आले पाहिजेत. वकीलसाहेब ती अट करारात कशी बसवायची याचा विचार करत होते.