कोयनेचं पाणी समुद्रात ‘वाया’ जातं?

दर उन्हाळ्यात व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरतो: “कोयनेचं सगळं पाणी विजेच्या नावाखाली समुद्रात फुकट जातं. आता स्वस्त सौरऊर्जा आहे, पोफळीची वीजगृहं बंद करा आणि पाणी पूर्वेला द्या.” ज्याच्या शिवारात विहिरी आटल्यात त्याने हे पोटतिडकीने पुढे पाठवावं, यात नवल नाही. पण मजकूर चुकीचा आहे.

‘सगळं पाणी’ जात नाही. शिवसागराची, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाची, साठवण सुमारे 105 टीएमसी (अब्ज घनफूट). कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने विजेसाठी पश्चिमेला, कोकणात वळवायच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. पूर्वेला सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत मिळतं, आणि सोडताना धरणाच्या पायथ्याशीही वीज करून जातं.

‘फुकट’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. घाटाखालच्या पोफळीला पाणी पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली कोसळतं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीएवढं पाणी एवढं खाली आलं, की युनिटभराहून थोडी जास्त वीज देतं. तेच पाणी कोळकेवाडीला अडवून त्यावर पुन्हा कोयना वीजप्रकल्पाचा 320 मेगावॅटचा तिसरा टप्पा चालतो. मग ते वाशिष्ठीत उतरतं. ऐन उन्हाळ्यात चिपळूण शहर आणि लोट्याचे कारखाने याच पाण्यावर असतात. त्यातून उरलेलं दाभोळला समुद्राला मिळतं, हे खरं. पण तोवर त्याने बरंच काम केलेलं असतं. शिवाय पूर्वेला टेंभू-ताकारी उपसा सिंचन योजनांचे पंप पाणी वर चढवतात, त्यांनाही वीज लागतेच.

राहिला सौरऊर्जेचा मुद्दा. सौर वीज हवीच, शेतीपंपांना दिवसा ती मिळते आहे हे मोठं काम आहे. पण संध्याकाळी सूर्य मावळतो तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, मिक्सर सुरू होतात. तासाभरात विजेच्या मागणी-पुरवठ्यात हजारो मेगावॅटची तफावत पडते. कोळशाचा थंड पडलेला संच पेटवून पूर्ण भारावर आणायला कित्येक तास लागतात. कोयनेचा संच काही मिनिटांत भार उचलतो. चौथ्या टप्प्याचे 1000 मेगावॅट अशाच वेळेसाठी बांधले. सौर वीज जितकी वाढेल तितकी ही संध्याकाळची चढण उभी होत जाईल, म्हणजे कोयनेची गरजही वाढेल. दिवसाची वीज संध्याकाळसाठी राखून ठेवणारे घाटघर आणि भिरा हे उदंचन (पाणी वर चढवून साठवणारे) प्रकल्प अनुक्रमे 250 आणि 150 मेगावॅटचे आहेत. त्यांच्या तुलनेत कोयनेची एकूण क्षमता 1960 मेगावॅटच्या आसपास आहे.