फायटर फुलदाणीत ठेवायचा सल्ला कृपा करून पुढे पाठवू नका

‘फायटर माशाला फिल्टर नको, हीटर नको. फुलदाणीत मनी प्लांट लावा, खाली मासा सोडा, मुळं खाऊन तो आरामात जगतो.’ ग्रुपांवरून फिरत फिरत हा मेसेज परवा माझ्या बहिणीपर्यंत पोचला. भाच्याच्या वाढदिवसासाठी तिने फुलदाण्या बघायलाही सुरुवात केली होती. मेसेजमध्ये पुढे असंही आहे की दुकानातला सगळ्यात शांत मासा निवडा, घरी आणल्या आणल्या आरओच्या पाण्यात सोडा आणि दर दोन दिवसांनी सगळं पाणी बदला.

मुळं खाण्याचं आधी बघू, कारण याहून घातक थाप दुसरी नाही. फायटर, म्हणजे बेट्टा, मांसाहारी मासा आहे. त्याचं तोंडच वर वळलेलं असतं, ते पाण्यावर पडलेले किडे आणि डासांच्या अळ्या टिपायला. मुळांना तो चोच मारल्यासारखं करतो ते भुकेपोटी. निरोगी बेट्टा आठवडाभर उपाशी काढू शकतो, म्हणून लोकांना वाटतं की मुळांवर भागतंय. प्रत्यक्षात पोट आत जातं, पाठ धारदार दिसायला लागते आणि मग एक दिवस तो तळाशी आडवा सापडतो. त्यात फुलदाणीचा गळा अरुंद, वर देठांची गर्दी. बेट्टाला श्वासासाठी पृष्ठभागावर यावंच लागतं. वाट अडली तर मासा असून तो बुडून मरतो.

आता फिल्टर नको म्हणणाऱ्यांचं नेहमीचं कारण: ‘तो हवेतून श्वास घेतो, म्हणून फिल्टर नको’. पहिला भाग खरा आहे, नाकारत नाही. डोक्यात कल्ल्यांच्या वर त्याला लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्यातून तो हवेतला ऑक्सिजन घेतो. म्हणून कमी ऑक्सिजनच्या पाण्यात तो तग धरतो. पण अमोनिया, म्हणजे शरीरातला विषारी कचरा, बाहेर टाकायचं काम कल्ल्यांचंच आहे, आणि ते कल्ले चोवीस तास त्याच पाण्यात असतात. फिल्टर हवा तो या अमोनियासाठी. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. बरणीतलं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतानाही त्यात कल्ले जाळण्याइतका अमोनिया असू शकतो. टेस्ट किटशिवाय तो कळत नाही.

थायलंडच्या भातखाचरांत हा मासा उथळ पाण्यात राहतो, म्हणून त्याला बरणी पुरते, असंही म्हणतात. उथळ पाण्यात राहतो हे खरं. पण ते पाणी उथळ असलं तरी दूरवर पसरलेलं, वनस्पतींनी भरलेलं आणि कोमट असतं. बरणीशी त्याचं काही नातं नाही. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या पशुवैद्यक संशोधकांनी 2017 मध्ये बेट्टाच्या हालअपेष्टांवरचं संशोधन एकत्र तपासलं. त्यांची किमान शिफारस आहे 5 लिटरची, पण हीटर, फिल्टर आणि भरपूर वनस्पतींसह. मी 15 ते 20 लिटर सांगेन, कारण कमी पाण्यात तापमान आणि अमोनिया दोन्ही झटक्यात बदलतात. तापमान 25 ते 28 अंश हवं. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरातल्या रात्री हीटरशिवाय ते राहत नाही. वर झाकण, आणि पाणी व झाकण यांत तीन-चार बोटं मोकळी हवा.

‘शांत मासा निवडा’ हा सल्ला वाचून मात्र राग येतो. दुकानातल्या छोट्या कपातला शांत मासा बहुधा आजारी किंवा गारठलेला असतो. कपाबाहेरून बोट हळू फिरवा: डोळ्यांनी पाठलाग करणारा, कल्ले फुलवणारा मासा घ्या. दुकानदाराला एक दाणा टाकायला सांगा, तो लगेच टिपला पाहिजे. मग वरून बघा. खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिलेले दिसले तर ती जलोदराची खूण, असा मासा सहसा वाचत नाही. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. अंगावर सोनेरी पावडर पेरल्यासारखं दिसलं तर तो वेल्वेट, परजीवी रोग. शेपटीची साधी चीर स्वच्छ असते आणि भरून येते. कडा काळ्या, लाल किंवा पांढऱ्या आणि कुरतडल्यासारख्या असतील तर फिन रॉट, म्हणजे पर कुजण्याचा रोग. तोंडाशी पांढरा कापूस नको. पाणी गडद निळं असेल तर साध्या पाण्यात दाखवायला सांगा, औषधाच्या रंगात अंगावरचं काही दिसत नाही. तपकिरी पाण्याला मात्र घाबरू नका, ते बहुधा बदामाच्या पानाचं असतं आणि माशाला मानवतं. शेजारच्या कपांत मेलेले मासे असतील तर चांगला दिसणाराही घेऊ नका, सगळीकडे एकच जाळी फिरते.

पहिल्यांदाच पाळत असाल तर प्लाकाट, म्हणजे आखूड परांचा बेट्टा, घ्या. फार मोठ्या शेपटीचे मासे पोहून दमतात आणि कित्येकदा स्वतःचीच शेपूट चावतात.

घरी आणल्यावर बंद पिशवी 15-20 मिनिटं टाकीत तरंगत ठेवा. मग उघडून अर्धा-अर्धा कप टाकीचं पाणी आत घाला, 15-20 मिनिटांत संपवा. तासन्‌तास लांबवू नका: बंद पिशवीतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) उतरलेला असतो, उघडल्यावर तो चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. 25 अंशांना पीएच 7 वरून 8 झाला की त्याचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. मासा जाळीने उचला, पिशवीचं पाणी मोरीत ओता. त्या दिवशी दिवा बंद, खाणं दुसऱ्या दिवशी: बारीक दाणे तीन-चार, दिवसातून दोनदा.

आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पीएच सावरत नाही. नळाचं पाणी अँटी-क्लोरीन घालून वापरा. सगळं पाणी बदलणं हा माशाला दर खेपेला धक्का आहे. आठवड्याला चौथा हिस्सा पुरे, आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली नाही.

फिल्टरमधले ते जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच दुकानात जायचं. म्हणून बहिणीला सांगितलंय, वाढदिवसाला टाकी दे, मासा त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने आणू.