पोकळ बिट म्हणजे चोचले? एका फिरत्या संदेशाला उत्तर

ठेकेदार, प्लंबर आणि हार्डवेअरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून एक संदेश फिरतोय. त्याचा सारांश असा: काँक्रीटला होल मारताना धूळ ओढणारं पोकळ बिट आणि त्याला जोडायचा व्हॅक्यूम हे परदेशी चोचले आहेत. आपल्याकडची खडी काळ्या दगडाची, तिच्यात सिलिका नसते. रुमाल बांधा, पाणी मारत राहा, फार तर घरचा व्हॅक्यूम धरा आणि होल झालं की फुंकर मारा. पोकळ बिट महाग, हळू चालणारं आणि चार होलांत तुटणारं.

ज्यांनी हे बिट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. साध्या हॅमर बिटाला बाहेरून पीळ असतात आणि त्यांतून भुकटी वर येते. पोकळ बिटाच्या कार्बाइड टोकाजवळ छिद्रं असतात. तिथून भुकटी आत ओढली जाते, दांड्याच्या पोकळीतून वर येते आणि शँकजवळच्या (मशीनमध्ये अडकणाऱ्या टोकाजवळच्या) कॉलरमधून पाइपने व्हॅक्यूममध्ये जाते. शँक हॅमर मशीनच्या नेहमीच्याच प्रकारांचा, एसडीएस-प्लस किंवा एसडीएस-मॅक्स, त्यामुळे मशीन बदलावं लागत नाही.

आता संदेशातला एकेक मुद्दा घेऊ.

‘आपल्या काळ्या दगडात सिलिका नसते’

यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते पटतं. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये सिलिका वजनाने निम्म्याच्या आसपास असते, पण ती फेल्डस्पार, पायरॉक्सीन अशा खनिजांत बांधलेली असते. फुप्फुसाला घातक ठरतो तो मोकळा स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ, आणि तो बेसॉल्टमध्ये फार कमी. (पोकळ्यांमध्ये नंतर साचलेली गारगोटी आणि अकीक सोडून.) इथपर्यंत संदेश बरोबर आहे.

पण होल आपण नुसत्या खडीला मारत नाही. काँक्रीटमध्ये वाळूही असते. बेसॉल्टची क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) असेल तर क्वार्ट्झ कमी. नदीची वाळू असेल तर ती कुठल्या नदीची यावर सगळं अवलंबून. नागपूरकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली कन्हानची वाळू क्वार्ट्झचीच. पंधरा वर्षांपूर्वीच्या इमारतीच्या स्लॅबमध्ये कोणती वाळू आहे हे ड्रिल धरणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. शिवाय वाटेत टाइल लागते, भाजलेली वीट लागते. ग्रॅनाइटच्या ओट्यात साधारण २० ते ४० टक्के क्वार्ट्झ असतं, जोधपुरी वालुकाश्मात त्याहून कितीतरी जास्त. किचनसाठी हल्ली जो कृत्रिम ‘क्वार्ट्झ’ दगड बसवतात, त्यात सिलिका ९० टक्क्यांपर्यंत जाते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदी घातली ती याच कारणाने. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत तर पायाखालचा खडकसुद्धा सगळीकडे बेसॉल्ट नाही.

‘रुमाल बांधला की पुरे’

रुमालाने डोळ्यांना दिसणारी धूळ अडते. नाकात आणि घशात अडकणारी ती हीच, आणि ती शरीर स्वतःच खोकून, शिंकरून बाहेर टाकतं. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे कण चार-पाच मायक्रॉनच्या खालचे असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ते दिसत नाहीत आणि सुती कापडाच्या विणीतून आरामात पार होतात.

हे कण किती वेळ हवेत राहतात ते बघा. पूर्ण शांत हवेत १० मायक्रॉनचा दगडी कण दीड मीटरवरून जमिनीवर यायला तीनेक मिनिटं लागतात. ४ मायक्रॉनच्या कणाला वीसेक मिनिटं, आणि १ मायक्रॉनच्या कणाला चार तासांहून जास्त. पंखा चालू असेल तर हिशेबच सोडा. म्हणजे ‘धूळ बसली’ म्हणून कारागीर रुमाल सोडतो आणि जेवायला त्याच खोलीत बसतो, तेव्हा नेमकी घातक धूळ तरंगतच असते. नंतर कोरडा झाडू मारला की बसलेलीही पुन्हा उठते.

प्रमाणाचा अंदाज हवा असेल तर साधं गणित आहे. १२ मिमी व्यासाचं, ८० मिमी खोल होल म्हणजे सुमारे ९ घनसेंटिमीटर, म्हणजे जवळपास २२ ग्रॅम भुकटी. त्यात २० टक्के क्वार्ट्झ धरलं तर साडेचार ग्रॅमच्या आसपास. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेने २०१६ च्या नियमात श्वसनयोग्य स्फटिक सिलिकेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ठरवली. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत हवा २८ घनमीटर, म्हणजे ती पातळी गाठायला एकूण १.४ मिलिग्रॅम पुरे. एका होलातल्या क्वार्ट्झचा सुमारे तीन हजारावा भाग सूक्ष्म होऊन तरंगत राहिला तरी काम झालं. एका होलाने कुणाला सिलिकोसिस (सिलिकेच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) होत नाही, मर्यादा दिवसभराच्या सरासरीची आहे. पण एसी आणि प्लंबिंगवाला दिवसाला तीस-चाळीस होल मारतो आणि उद्या पुन्हा मारतो.

सिलिकोसिसवर बरं करणारं औषध नाही. क्षयरोगाचा धोकाही त्याने वाढतो, आणि आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये स्फटिक सिलिकेला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत घातलं. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस नोंद करावयाचा आजार होता. पण घरोघर फिरणारा ड्रिलवाला कारखान्यात मोडतच नाही, त्याची नोंद करणार कोण?

मास्क घालायचाच तर एन-९५ किंवा आयएस ९४७३ चा एफएफपी२, आणि पट्टे डोक्यामागे जाणारे. कानात अडकवायचे मास्क गालावर नीट बसत नाहीत, दाढी असेल तर कुठलाच बसत नाही. आणि मास्क फक्त घालणाऱ्याला वाचवतो, त्याच खोलीत शिडी धरून उभ्या असलेल्या पोऱ्याला नाही.

‘पाणी मारत राहा’

संदेशातला सगळ्यात धोकादायक सल्ला हाच. पाण्याने धूळ बसते हे खरं, पण ते पाण्यासाठी बनवलेल्या मशीनमध्ये. डायमंड कोअर मशीनला पाण्याची स्वतंत्र जोडणी असते, मोटर पाण्यापासून वेगळी ठेवलेली असते आणि वायरवरच विजेच्या गळतीला तुटणारा स्विच असतो. साधं रोटरी हॅमर दुहेरी इन्सुलेशनचं असतं, पण ते कोरड्या वापरासाठी. हवा आत घ्यायच्या फटी उघड्या असतात. वर छताला होल मारताना बाटलीने पाणी मारलं तर ते बिटावरून थेट चकमध्ये आणि हातावर उतरतं. साइटवरच्या तात्पुरत्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असेलच याची खात्री कोण देणार?

शॉक बाजूला ठेवला तरी काम बिघडतं. पाणी आणि भुकटीचा चिखल बिटाच्या पिळांत गच्च बसतो, वर येत नाही, बिट तापतं आणि अडकतं. हाच चिखल होलाच्या भिंतीवर लेपासारखा वाळतो. त्यात केमिकल अँकर (सळई किंवा बोल्ट होलात चिकटवणारं रसायन) भरलात तर रसायन काँक्रीटला न चिकटता त्या लेपाला चिकटतं. जमिनीवर वाळलेला चिखल दुसऱ्या दिवशी पायाखाली पुन्हा धूळ होतो तो वेगळाच.

पोकळ बिटाला तर ओलावा चालतच नाही. ओलं प्लास्टर, पावसाळ्यात झिरपलेली भिंत, नुकतं भरलेलं काँक्रीट यांत टोकाजवळची छिद्रं काही सेकंदांत बुजतात. तिथे पोकळ बिट वापरू नका, हे कंपन्याही सांगतात.

एका ठिकाणी मात्र पाणी हवंच: १८-२० मिमीच्या ग्रॅनाइट ओट्याला नळाचं किंवा सिंकचं होल. तिथे कुठलंच हॅमर बिट नको, पोकळही नाही. ठोक्याने खालची बाजू उडते किंवा फरशीला तडा जातो. डायमंड होल-सॉ, हॅमर बंद, कमी वेग, वरच्या बाजूने सुरुवात आणि मातीची पाळ करून साठवलेलं थोडं पाणी. मशीन बॅटरीवर चालणारं असेल तर उत्तम.

‘घरचा व्हॅक्यूम धरला की तेच’

नाही. सिमेंटची बारीक भुकटी घरच्या व्हॅक्यूमच्या फिल्टरवर दोन-चार होलांतच थर धरते. ओढ कमी होते, पण आवाज तोच राहतो, म्हणून कळत नाही. आणि जे बारीक कण फिल्टरमधून सुटतात ते मागच्या झरोक्यातून जोरात खोलीभर फेकले जातात. समोरची भिंत स्वच्छ दिसते आणि हवा आधीपेक्षा वाईट होते.

कामाच्या व्हॅक्यूमला युरोपीय मानकात वर्ग आहेत. एल वर्गात फिल्टरमधून सुटणारी धूळ १ टक्क्याच्या आत, एम वर्गात ०.१ टक्क्याच्या आत, एच वर्गात ०.००५ टक्क्याच्या आत. काँक्रीट-दगडाला किमान एम. पाइपमधला हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या खाली गेला की एम वर्गाचं मशीन इशारा देतं. तो इशारा बंद करून काम चालू ठेवणारे पुष्कळ आहेत. इशारा वाजला तर आधी फिल्टर झटकणारी यंत्रणा चालवा, मग पिशवी बघा, मग पाइपचं वळण. फिल्टर काढून भिंतीवर आपटला तर फाटतो आणि साठवलेली धूळही परत अंगावर येते.

पाइप अँटिस्टॅटिक हवा. कोरड्या हवेत प्लास्टिकच्या साध्या पाइपमध्ये भुकटी पळताना स्थिर वीज साचते आणि शिडीवर असताना बसलेला झटका पडायला पुरतो.

‘होल झालं की फुंकर मारा’

६ किंवा ८ मिमीच्या होलात प्लास्टिकची गिट्टी ठोकून फोटो टांगायचा असेल तर फुंकर मारून चालतं, डोळे मिटा एवढंच. पण संदेश सगळ्याच कामांबद्दल बोलतो, आणि केमिकल अँकरच्या बाबतीत ही चूक महाग पडते.

१२ मिमीची सळई बसवायला साधारण १६ मिमीचं होल लागतं. ते १५० मिमी खोल मारलं तर ७० ग्रॅमहून जास्त भुकटी निघते. शंभर सळयांना सात किलो. तिच्यातली जी होलाच्या भिंतीला चिकटून राहते ती रसायन आणि काँक्रीट यांच्यामध्ये थर बनते. सळई हाताने घट्ट लागते, ओढ-चाचणीत मात्र रसायनासकट गुळगुळीत दांड्यासारखी बाहेर येते. रसायन खराब निघालं असं म्हणून डबा बदलला जातो. डबा चांगलाच असतो.

साध्या बिटाने मारलेल्या होलाची साफसफाई म्हणजे तळापासून हवा, मग तारेचा ब्रश, मग पुन्हा हवा. प्रत्येक किती वेळा ते त्या रसायनाच्या पत्रकात दिलेलं असतं. हवा कॉम्प्रेसरची, तेल नसलेली. ब्रश होलाच्या मापाचा. आत जाताना अडला नाही तर तो झिजलाय. तोंडाच्या फुंकरीत दाब नसतो आणि वाफ असते.

इथेच पोकळ बिट आपली किंमत वसूल करतं. भुकटी तयार होतानाच ओढली गेल्यामुळे काही रसायनांच्या मान्यतापत्रात पोकळ बिट आणि ठरलेला व्हॅक्यूम वापरल्यास ब्रश-फुंकर न करण्याची मुभा असते. काहींच्या, सगळ्यांच्या नाही. पत्रक न वाचता ब्रश सोडू नका.

‘हळू, महाग आणि नाजूक’

महाग आहे, साध्या बिटाच्या कित्येक पट, यात वाद नाही. हळू असल्याचं मात्र खोल होलात दिसत नाही. साध्या बिटाला भुकटी बाहेर काढायला अधूनमधून मागे-पुढे करावं लागतं, नाहीतर तेच कण पुन्हा दळले जातात. पोकळ बिट सरळ खाली जातं.

तुटण्याचं कारण बहुतेक वेळा हाताळणी असते. आतून पोकळ असल्यामुळे आडव्या जोराला ते साध्या बिटापेक्षा कमी टिकतं. होल तिरकं गेलं म्हणून मशीन वाकवून सरळ करायला गेलात की तुटलं. सळई लागली (आवाज बदलतो, पुढे जाणं थांबतं) की थांबा आणि जागा बदला. स्लॅबमधली सळई कापणं तसंही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करायचं नसतं.

व्हॅक्यूम आधी चालू, बिट भिंतीला नंतर. सुरुवातीचे काही मिलिमीटर हळू वेगाने, बिट सरळ. जोर लावू नका, ठोका मशीनचा असतो. होल हवं तेवढं खोल गेल्यावर बिट फिरतं ठेवूनच बाहेर काढा आणि व्हॅक्यूम आणखी दहाएक सेकंद चालू द्या, नाहीतर पाइपमध्ये उरलेली भुकटी पुढच्या होलाला बुच मारते. भुकटी बाहेर सांडायला लागली तर लगेच थांबून टोकाची छिद्रं तारेने मोकळी करा. छिद्रं बुजलेली असताना रेटत राहिलात तर टोक तापतं आणि कार्बाइड सुटतं.

आता संदेशाच्या बाजूने एक गोष्ट. पोकळ बिटं बहुतेक १२ मिमीच्या आसपास सुरू होतात, आणि घरातली बरीचशी होलं ६, ८, १० मिमीची. त्यांच्यासाठी पोकळ बिट शोधत बसण्यात अर्थ नाही. तिथे साधं बिट आणि त्याभोवती भिंतीला टेकणारं धूळकव्हर, एम वर्गाच्या व्हॅक्यूमला जोडलेलं. काही हॅमर मशीनना पुढे बसणारा छोटा धूळडबाही मिळतो, छताला होल मारताना तो विशेष कामाचा. एएसी ब्लॉकला (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकला) हॅमर बंद करून साधं बिट आणि हेच कव्हर. ठोक्याने ब्लॉकमधलं होल मोठं होऊन गिट्टी सैल बसते.

खर्चाचा क्रम लावायचा तर आधी व्हॅक्यूम, मग कव्हर, मग पोकळ बिट. सळया आणि अँकरचं काम नियमित मिळत असेल तर १६ मिमीचं एक बिट घ्या, आणि ते त्याच मापाच्या केमिकल अँकरच्या पत्रकाशी जुळवून घ्या.