‘पहिले नळाला पाणी, मग एआय’ : एका सिस्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

हॉस्पिटलातल्या संसर्गाच्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवण्याबद्दलच्या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही लिहिलं, “पहिले नळाला पाणी येऊ द्या, मग एआय आणा. सिस्टरनं हात धुवावे की तुमच्या कॉम्प्युटरात आकडे भरावे?” झोंबलं. निम्मं खरं आहे म्हणूनच झोंबलं.

हात धुण्याला पर्याय नाहीच. व्हिएन्नात १८४७ च्या मे महिन्यात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं बाळंतपणाच्या वॉर्डातल्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या १८ बाळंतिणी दगावत होत्या, जूनमध्ये २. पण डॉक्टरांच्या वॉर्डावर संशय गेला कसा? डॉक्टरांचा वॉर्ड आणि सुइणींचा वॉर्ड, दोन्हींच्या मृत्यूंच्या नोंदी त्यानं शेजारी शेजारी ठेवल्या. गडी रजिस्टरवालाच होता!

माझं मागणं तेवढंच, नोंदी शेजारी शेजारी याव्यात. मी नोकरीला होतो तिथं कल्चर रिपोर्ट (कोणता जंतू निघाला ते) लॅबच्या फायलीत, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) कधी टाकली ते आयसीयूच्या रजिस्टरात, आणि कोणता पेशंट कोणत्या बेडवर हलवला ते फक्त सिस्टरांच्या डोक्यात. एकदा तीन पेशंटना अॅसिनेटोबॅक्टर हा जंतू निघाला, तिघांचा सेन्सिटिव्हिटी पॅटर्न (कोणती अँटिबायोटिक लागू पडतात ते) एकच, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याची शंका. लक्षात कधी आलं? महिनाअखेरीस एक्सेल भरताना. तोवर चौथ्यालाही लागण झालेली. हा जंतू कोरड्या कठड्यावर, मॉनिटरच्या बटणांवर आठवडेच्या आठवडे टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेचं हूनेट (WHONET) हे लॅबचे जंतूंचे रिपोर्ट नोंदवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या कॉम्प्युटरवर चालतं. लॅबचे रिपोर्ट रोज त्यात गेले असते तर तिसरा पेशंट निघताच शंका आली असती. यात एआयसुद्धा नाही, नुसती मोजदाद आहे. आणि ती लॅबमधूनच व्हावी. सिस्टरांना पुन्हा टायपिंगला बसवणार असतील तर मी तुमच्या बाजूनं भांडायला येतो.

एआयबद्दल मात्र तुमचा अविश्वास मला पटतो. अमेरिकेत हॉस्पिटलांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एपिक कंपनीचं, सेप्सिस (संसर्गामुळं अवयव निकामी होऊ लागणं) आधीच ओळखणारं मॉडेल शेकडो हॉस्पिटलांत लागलं. मिशिगन विद्यापीठानं स्वतःच्या हॉस्पिटलातले पेशंट तपासून २०२१ मध्ये निकाल छापला: सेप्सिसच्या ६७ टक्के पेशंटना त्यानं ओळखलंच नाही, आणि अलार्म मात्र एकूण भरतीपैकी १८ टक्क्यांना दिला. असा सारखा ठणाणा करणारा अलार्म दुसऱ्या दिवशी कोण ऐकतं?

आणि नागपूरचा मे! वॉर्डात कूलर लागले की त्यांच्या टाकीतल्या पाण्यात जंतू वाढणार; ती टाकी शेवटची कधी घासली, हे कुठल्याच सॉफ्टवेअरला माहीत नसतं. ते सिस्टरला माहीत असतं. तुमच्या वॉर्डात याची नोंद कोण ठेवायचं, आणि कशात? तेवढं सविस्तर लिहा. पुढच्या लेखात घेतो.