‘दोघं एकाच हाइडमध्ये झोपतात’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘पाळीव साप एका पेटीत एकच ठेवा’ या लेखावरची तुमची लांबलचक प्रतिक्रिया वाचली. रागावून लिहिलेली आहे, पण मुद्दे नेमके आहेत, म्हणून खाली दोन ओळींत न आटोपता स्वतंत्र उत्तर देतो. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: एकाच खेपेच्या अंड्यांतून निघालेले दोन कॉर्न स्नेक (उत्तर अमेरिकेतला बिनविषारी साप), वय १४ महिने, पहिल्या दिवसापासून ९० सेंमी लांबीच्या एका काचपेटीत. चावाचावी नाही, दिवसभर एकाच हाइडमध्ये (लपायच्या आडोशात) एकमेकांवर वेटोळी घालून झोपतात. खाणं वेगवेगळ्या बादल्यांत. वजनं २१४ आणि १३१ ग्रॅम, कारण ‘धाकटी स्वभावानेच सुस्त’. ‘साप एकलकोंडे’ हे म्हणणं जुनं झालं, चिडियाघरात एका दालनात चार-चार असतात, आणि इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या दोन खोल्यांच्या घरात दुसरी पेटी ठेवायची कुठे? शिवाय त्याच पेटीत एक बॉल पायथन (आफ्रिकेतला लहान अजगर) आणायचा विचार आहे.

आधी तुमचं बरोबर आहे ते. ‘साप एकलकोंडे’ हे माझं वाक्य चुकलंच. कॅनडात मॅनिटोबातल्या नार्सिसला गार्टर साप चुनखडीच्या कपारींत हजारोंच्या संख्येने एकत्र हिवाळा काढतात. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गार्टर साप कोणाजवळ बसायचं ते निवडून बसतात असं दिसलं. २०२४मध्ये तर बॉल पायथनबद्दलही तसंच आलं: प्रत्येकाला पुरतील इतक्या लपायच्या जागा असूनही ते एकाच जागी गोळा होत राहिले.

पण यातली ‘प्रत्येकाला पुरतील इतक्या’ ही अट सोडू नका. तुमच्या पेटीत मॅटवरचं (ऊब देणाऱ्या विजेच्या चटईवरचं) उबदार हाइड एकच आहे. जानेवारीत इंदुरात रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, बंद खोलीतही १६-१७ असतं. म्हणजे मॅटवर ३१ आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम १९. खाल्लेला उंदीर पचवायचा तर दोघांनाही त्याच वीतभर जागेत जायला हवं. शेकोटीभोवती बसलेली माणसं एकमेकांच्या मायेने बसली आहेत की थंडीने, हे दुसरी शेकोटी पेटवल्याशिवाय कळत नाही. तुम्ही ती पेटवलेली नाही.

‘भांडण नाही’ याबद्दलही थोडं. सापाचं भांडण आपल्याला ओळखता येतं, हाच भ्रम आहे. माळव्यात पावसाआधी शेताच्या बांधावर दोन धामणी पीळ घालून हातभर उंच उठतात. लोक ‘जोडी लागली’ म्हणून हात जोडतात, कोणी पांढरं वस्त्र टाकतं. ते बहुतेक वेळा दोन नर असतात, एकमेकांचं डोकं जमिनीला टेकवू पाहणारे. खरं मीलन जमिनीलगत आणि पुष्कळ शांत असतं. धामणींच्या एवढ्या मोठ्या झटापटीला आपण शृंगार समजतो, तर पेटीतल्या एकाने दुसऱ्यावर पडून राहणं आपल्याला बरोबर वाचता येईल याची खात्री काय?

आता वजनं. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रतिक्रियेतली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच. एकाच खेपेची दोन पिल्लं, तेच खाणं, आणि फरक ८३ ग्रॅमचा. एकत्र ठेवल्यामुळेच हा फरक पडला असं मी म्हणत नाही. एक नर आणि एक मादी असेल, एकीच्या पोटात जंत असतील, किंवा एकीला ऊब कमी मिळून पचन मंदावलं असेल. अडचण ही की एका पेटीत ठेवल्यावर यातलं कोणतं कारण, ते शोधायची वाटच बंद होते. कागदावर पातळ, दुर्गंधी विष्ठा सापडली तर ती कोणाची? सकाळी अर्धवट पचलेला उंदीर बाहेर पडलेला दिसला तर तो कोणी ओकला? उलटी झालेल्या सापाला १० ते १४ दिवस काहीही द्यायचं नसतं, नंतर पहिलं भक्ष्य निम्म्या आकाराचं. तुम्हाला दोघांना उपाशी ठेवावं लागेल, त्यात एक विनाकारण.

उलटीमागे क्रिप्टोस्पोरिडियम सर्पेंटिस असेल तर प्रकरण वेगळंच. या परजीवीने जठराचं अस्तर जाड होतं, मधल्या भागात गाठीसारखा फुगवटा येतो, खाल्लेलं टिकत नाही. विष्ठेच्या एका तपासणीत तो निसटू शकतो, खात्रीचं औषध नाही, आणि घरात वापरतो तेवढ्या ब्लीचने त्याच्या बीजपेशी मरत नाहीत. एकच पाण्याचं भांडं असेल तर दुसरा साप वाचवायची संधी पहिलं लक्षण दिसण्याआधीच गेलेली असते. माइट (अंगावरचे बारीक रक्तशोषक परजीवी) तुलनेने सोपे: भांड्याच्या तळाशी मोहरीहून बारीक काळे ठिपके, हनुवटीखालच्या खवल्यांच्या खाचेत तेच. पण उपचार दोघांचे आणि सगळ्या पेटीचे.

बादल्यांत खाऊ घालता हे चांगलं करता, पण त्याने अर्धंच काम होतं. परत ठेवल्यावर तोंडाला आणि अंगाला उंदराचा वास असतो, आणि खाल्लेला साप काही तास शिकारीच्याच अवस्थेत असतो. समोर वासाचं, हलणारं काही आलं की तो त्याचं डोकं जबड्यात धरतो. सापाचे दात घशाकडे वळलेले असतात, म्हणून धरलेलं सोडणं त्याला जड आणि गिळत पुढे जाणं सोपं. कॉर्न स्नेकमध्ये, विशेषतः लहान वयात, आपल्याच जातीच्या सापाला गिळल्याची उदाहरणं आहेत. पुष्कळदा त्यात गिळणाराही मरतो. असं कधी दिसलंच तर ओढू नका, ओढाल तितके दात रुततात. धरणाऱ्याच्या तोंडावर थंड पाण्याची बारीक धार सोडा आणि वेटोळं शेपटीकडून उलगडत या, डोक्याकडून नाही.

हे टाळायचं तर खाण्यानंतर निदान ४८ तास दोघांना वेगळं ठेवावं लागतं, तेही उबेत, कारण थंड बादलीत उंदीर पोटातच सडतो. दर आठवड्याला दोन दिवस दुसरी गरम पेटी लागणार असेल तर ती झालीच की, उरलेले पाच दिवस रिकामी कशाला ठेवता?

लिंग तपासलं आहे का? विकताना ‘दोन्ही माद्या’ सांगितलेलं पुष्कळदा खोटं ठरतं. सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून करून घ्या, घरी सळई घालून बघू नका. कॉर्न स्नेकमध्ये थंडीनंतर मीलनाचा हंगाम येतो, आणि आपल्याकडची गार खोली ही आयतीच थंडी. साधारण ३ वर्षं आणि ३०० ग्रॅमच्या आतल्या मादीला अंडी धरली तर ती अडकू शकतात, आणि ते जिवावर बेततं. १३१ ग्रॅमची ती ‘सुस्त धाकटी’ मादी असली तर येता हिवाळा तुमच्या हातातली मुदत समजा.

चिडियाघराचं थोडक्यात. तिथे दालनं मोठी, लपायच्या आणि उबेच्या जागा अनेक, नवा प्राणी आधी वेगळ्या खोलीत, आणि रोज बघणारी माणसं पगारी. काचेबाहेरून आपल्याला फक्त दालन दिसतं.

बॉल पायथन त्या पेटीत आणूच नका. त्याला हवेत ६०-७० टक्के ओल लागते, कॉर्न स्नेकला ४० ते ६० पुरते. एकाला सोसेल ते दुसऱ्याला बाधेल. एक आफ्रिकेतला, एक उत्तर अमेरिकेतला, त्यामुळे रोगजंतूही वेगळे. कोणताही नवा साप ९० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने. शिवाय बॉल पायथन २०२४च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावा लागतो. (आणि अजून विचारणाऱ्यांसाठी: धामण, कवड्या, मांडूळ, कुठलाही देशी साप १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे घरात ठेवता येत नाही, एकटाही नाही आणि जोडीनेही नाही.)

राहिला जागेचा प्रश्न, आणि तो खरा आहे. दुसरी पेटी काचेचीच हवी असं नाही. ५०-६० लिटरचा प्लास्टिकचा डबा, तळ साधारण ६० बाय ४० सेंमी, तुमच्या काचपेटीच्या स्टँडखाली सरकतो. तुमच्या सापाला काही काळ पुरेल. पुढे दोघांनाही १२० बाय ६० लागणारच आहे. लांब बाजूंना प्रत्येकी १२ भोकं, ५ मिमीची, गरम सोल्डरिंग आयर्नने आतून बाहेर पाडा, म्हणजे खरखरीत कडा बाहेर राहते. झाकणाला चारही बाजूंनी क्लिपा हव्यात, कारण डोकं मावेल त्या फटीतून कॉर्न स्नेक जातो. मॅट तळाच्या एक-तृतीयांश भागाखाली, बाहेरून. डब्याच्या कोपऱ्यांना रबरी पाय लावा, नाहीतर मॅटची उष्णता कोंडते. थर्मोस्टॅटचा (तापमान ठरावीक ठेवणाऱ्या उपकरणाचा) प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी तार, मॅट आणि डब्याच्या मध्ये चिकटवा आणि आतल्या तळावर ३१ येईपर्यंत आकडा वाढवत न्या, बहुधा ३३-३४वर थांबाल. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावायची असेल तर त्यापेक्षा लावूच नका. पोट भाजलेले साप त्यातूनच येतात. मे महिन्यात खोली ३३च्या वर गेली की मॅट बंद.

हाइड दोन, अगदी सारखी: १५ सेंमीच्या मातीच्या कुंड्या, काठ दोन बोटं फोडून, कड घासून गुळगुळीत केलेली. एक उबेला, एक थंड टोकाला. तळाला पहिला महिना साधा किचन टॉवेल, म्हणजे विष्ठा, उलटी, माइट, सगळं पांढऱ्यावर दिसतं.

नव्या डब्यात मोठीला हलवा, धाकटीला ओळखीच्या पेटीत राहू द्या. सात दिवस हात लावू नका, मग धाकटीला १३१ ग्रॅमच्या हिशेबाने १२-१३ ग्रॅमचा एक उंदीर, पूर्ण वितळवून, कोमट करून. वजन दर आठवड्याला त्याच वारी, खाण्याच्या आदल्या दिवशी, किचनच्या काट्यावर. सहा आठवड्यांनी दोन्ही आकडे इथेच लिहा. धाकटी तरीही वाढत नसेल तर विष्ठेचा नमुना २४ तासांच्या आत पशुवैद्याकडे न्या, आणि त्या वेळी तो कोणाचा आहे हे तुम्हाला सांगता येईल.

मूळ लेखातलं ‘साप एकलकोंडे असतात’ हे वाक्य आज काढून टाकलं आहे. शीर्षक तेच ठेवलं आहे.